जातिवंत कुत्रा आणि जातिमुक्त माणूस



धम्माला वाहिलेल्या पाक्षिकात कुत्र्यांविषयी लेख पाहून काहींना हसू येईल, काहींना रागही येईल. दीक्षाविधी, परित्राणपाठ, विहाराची बांधणी असे विषय पडले असताना हे काय काढले, असे तुम्ही म्हणाल. परंतु ज्या कुटुंबांनी अलीकडे बुद्धधम्माची दीक्षा घेतली, त्यांच्या अंगणात हा प्रश्न रोज शेपटी हलवीत उभा असतो. तो प्रश्न आहे हे आपल्या ध्यानात येत नाही, इतकेच.

उंबरमाळीच्या परिसराचे उदाहरण घ्या. कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलने खर्डी सोडली की हे स्टेशन लागते. मुंबई-नाशिक महामार्गही जवळूनच जातो. मुंबईहून येणे सोयीचे म्हणून शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत शहरातल्या पैसेवाल्यांनी जमिनी घेतल्या, फार्महाऊस बांधली. तारेचे कुंपण, लोखंडी फाटक, फाटकावर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी. आत जर्मन शेफर्ड, ज्याला आपल्याकडे अजून अल्सेशियन म्हणतात. कोठे लॅब्राडोर, कोठे रॉटवायलर. त्याला पोत्यातून आलेले तयार खाणे. त्याला आंघोळ घालणारा, फिरविणारा, त्याची घाण काढणारा वॉचमन मात्र आपल्या वस्तीतला, नाही तर ठाकूर-कातकऱ्यांच्या वाडीतला. मालक आठवड्यातून एकदा येतो. गाडीतून उतरल्यावर पहिली चौकशी कुत्र्याची होते. वॉचमनचे पोर तापाने फणफणले आहे हे दुसऱ्या दिवशी निघताना कळते, कळलेच तर.

कधी मालकाचे पाहुणे फिरत फिरत वस्तीकडे येतात. अंगणात मोत्या पसरलेला असतो. पाहुण्यांचा मुलगा सहज विचारतो, "हा कोणत्या जातीचा?" आणि आपली एखादी माय पदर सावरून, आवाज खाली घेऊन उत्तर देते, "गावठीच आहे, साहेब."

'गावठीच' या शब्दातल्या त्या 'च'कडे तुमचे लक्ष वेधावयाचे आहे. मोत्याने रात्री बिबट्याची चाहूल लागताच सारी वस्ती जागी केलेली असते. कोंबड्या त्याने राखलेल्या असतात. ओट्यावरून रांगत निघालेल्या पोरापाशी तो बसून राहिलेला असतो. त्याच्यात उणे काय आहे? तरीही त्याचा परिचय देताना आपण ओशाळतो. हा ओशाळा स्वर आपल्या आज्या-पणज्यांचा आहे. त्यांना जात विचारली जाई तेव्हा त्याही अशाच खालच्या आवाजात म्हणत, "आम्ही महारच, मायबाप." धम्मदीक्षेने तो शब्द आपण फेकून दिला. स्वर मात्र घरात कोठेतरी लपून राहिला आणि कुत्र्याच्या निमित्ताने बाहेर आला.

हे मी ओढूनताणून जोडतो आहे असे समजू नका. आपल्याला आणि कुत्र्याला एका दोरीत हिंदू धर्मशास्त्रानेच बांधले आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावे आणि कुत्रे व गाढवे हेच त्यांचे धन असावे, अशी आज्ञा आहे. श्वपच म्हणजे कुत्रा शिजवून खाणारा. हे माणसांच्या एका समूहाला दिलेले नाव आहे! परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला तो हाच. त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला, तेव्हाची स्थिती अशी होती की, त्या तळ्यावर गुरेढोरे, कुत्री-मांजरे पाणी पिऊ शकत. अस्पृश्य मानलेला माणूस नाही. पुढे ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईच्या मणिभवनात गांधीजींची भेट झाली तेव्हा, ज्या देशात आम्हाला कुत्र्या-मांजरांहून हीन वागणूक मिळते त्याला आपला देश कसे म्हणावे, हेच बाबासाहेबांनी त्यांना विचारले.

गावच्या वेशीवर राखण करणारा वेसकर आठवा. वेशीवर तो आणि कुत्रा, दोघे जागत. दोघांचे काम एक आणि मोबदलाही एकच, उरलीसुरली भाकर, तीही वरून टाकलेली. या महारकी वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बिल आणले. वतने कायद्याने रद्द व्हावयास १९५८ साल उजाडावे लागले. आज त्याच वेशीबाहेरच्या जमिनीवर बंगला उभा आहे, राखणीचे काम तेच आहे, फक्त कुत्र्याला बढती मिळाली आहे.

इंग्रजांनीही यात आपली भर घातली. तमिळ प्रदेशात परैयर नावाची अस्पृश्य मानलेली जात आहे. इंग्रजांनी त्या जातीचे नाव उचलून भारतातल्या गावठी कुत्र्याला दिले, 'पराया डॉग'. पुस्तकांत आणि कुत्र्यांच्या याद्यांत हे नाव अजून चालते. म्हणजे मनूने माणसाला कुत्र्यावरून नाव दिले आणि इंग्रजांनी कुत्र्याला माणसाच्या जातीवरून. दोघांनाही एकाच पायरीवर बसवावयाचे होते.

(जाता जाता: दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे असतात आणि ते चार वेद आहेत असे भक्त सांगतात. तोच कुत्रा तसबिरीतून उतरून दारात आला की 'हाड्' होतो. यावर अधिक लिहिण्याची जरुरी नाही.)

आता खऱ्या वादाकडे येऊ. आपली मुले शाळा-कॉलेजात जातात, कारखान्यांत नोकऱ्या करतात. तेथे एखादा शहाणा त्यांना म्हणतो, "अरे, कुत्र्यांतसुद्धा जाती असतात. अल्सेशियन तो अल्सेशियन, गावठी तो गावठी. निसर्गानेच जाती केल्या, मग माणसात असल्या तर बिघडले कोठे?" मुलगा गप्प बसतो. त्याला गप्प बसण्याचे कारण नाही, कारण या युक्तिवादाला भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी उत्तर दिलेले आहे.

सुत्तनिपातात वासेट्ठ सुत्त आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण. ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, यावर त्यांचा वाद जुंपला आणि ते तथागतांकडे आले. तथागतांनी त्यांना सृष्टीकडे पाहावयास सांगितले. गवत आणि झाडे, किडे आणि मुंग्या, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी, यांच्यात जन्मतः वेगळी लक्षणे आहेत, म्हणून त्यांच्या जाती वेगळ्या. माणसांत मात्र केस, डोके, कान, डोळे, हात, पाय यांपैकी कशातही असे वेगळे लक्षण सापडत नाही. माणसामाणसांतला भेद केवळ नावाचा आहे.

तो शहाणा यावर म्हणेल, बघा, प्राण्यांत जाती आहेत हे तुमच्या बुद्धांनीही मान्य केले! येथे नीट विचार करा. तथागतांनी ज्याला जाती म्हटले ती मुंगी आणि मासा यांच्यातली जात आहे. मुंगी आणि माशाचा संकर होत नाही. अल्सेशियन आणि मोत्या यांचा होतो. त्यांची पिल्ले धडधाकट जगतात आणि त्यांनाही पुढे पिल्ले होतात. म्हणजे तथागतांच्या अर्थाने कुत्रा ही सगळी मिळून एकच जात आहे, जशी माणूस ही एक आहे. शहाण्याने दाखला म्हणून आणलेला कुत्रा त्याच्याच विरुद्ध साक्ष देतो.

मग अल्सेशियन, लॅब्राडोर या 'जाती' आल्या कोठून? त्या माणसाने केल्या, आणि बहुतेक अगदी अलीकडे केल्या. इंग्लंडात न्यूकॅसल येथे १८५९ साली शिकारी कुत्र्यांचे प्रदर्शन भरले. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब निघाला आणि पुढच्या वर्षी त्याने कुत्र्यांच्या वंशावळीचे पुस्तक छापले. अमक्याचा बाप तमका, त्याचा बाप अमका. ज्याचे नाव वहीत तो जातिवंत. जातीबाहेर संबंध झाला की पिल्ले बाद, नाव वहीतून गेले. हे वाचून तुम्हाला काही आठवले का? बाबासाहेबांनी १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी जातीचे मर्म एका गोष्टीत दाखविले: आपल्याच गटात लग्ने लावणे आणि बाहेरचा मार्ग बंद करणे. ही कोंडी हीच जात. केनेल क्लबने कुत्र्यांभोवती जी कोंडी घातली ती दीडशे वर्षांची आहे. आपल्याभोवतीची तिच्याहून कितीतरी जुनी.

या कोंडीने कुत्र्याचे भले झाले म्हणावे, तर तेही नाही. बुलडॉगचे तोंड इतके चपटे करून ठेवले की त्याला धड श्वास घेता येत नाही, आणि पिल्लांची डोकी इतकी मोठी की बहुधा पोट फाडूनच ती काढावी लागतात. जर्मन शेफर्डचे खुब्याचे सांधे पिढ्यान्‌पिढ्या दुखरे निघतात. शुद्ध रक्त राखण्याची ही किंमत आहे. शिवाय जातीवरून स्वभाव कळतो हा समजही फार टिकत नाही. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतील संशोधकांनी १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवरून दाखविले की, कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला केवळ ९ टक्के फरक त्यांच्या जातीने उलगडतो. बाकीचे घडते ते वाढविण्याने, सवयीने आणि ज्या त्या कुत्र्याच्या स्वतःच्या घडणीने.

आणखी एक गंमत आहे. ज्या कुत्र्यांना आज बंगल्यावर मान आहे, त्यांचे मूळ शोधू गेले तर ते कष्टकऱ्यांच्या दारात सापडते. शेफर्ड या शब्दाचा अर्थच मेंढपाळ. जर्मनीतल्या मेंढपाळांचे ते कुत्रे; १८९९ साली मॅक्स फॉन श्टेफानित्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने त्यांतला एक विकत घेऊन वहीत पहिला नोंदविला आणि जात सुरू केली. म्हणजे बंगल्यावरचा सरदार जर्मन धनगराच्या वाड्यावरचा गावठीच की! पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांना 'जर्मन' हा शब्द नकोसा झाला, म्हणून त्यांनी त्याला अल्सेशियन म्हणण्यास सुरुवात केली. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांबरोबर थंड पाण्यात जाळी ओढीत होते. इंग्लंडच्या उमरावांनी त्यांना उचलले तेव्हा ते कुलीन झाले. आपल्याकडचा कारवान कुत्रा फिरस्त्यांच्या तांड्यांबरोबर दख्खनच्या माळावर ससे धरीत हिंडत असे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याला आश्रय दिला आणि तो मुधोळ हाउंड म्हणून प्रसिद्धीस आला. २००५ साली त्याच्या चित्राचे पोस्टाचे तिकीटही निघाले. कुत्रा तोच. मेंढपाळापाशी होता तोवर गावठी, उमरावापाशी गेला की जातिवंत. मान कुत्र्याचा नव्हताच. तो मालकाच्या पैशाचा आणि सत्तेचा होता.

तरीही मेंढ्या वळणारा कुत्रा निवडताना मेंढपाळ निदान त्याचे काम पाहत असे. जो चांगल्या मेंढ्या वळतो त्याचे पिल्लू ठेवावयाचे. चातुर्वर्ण्याने एवढेही पाहिले नाही. वेद न समजणारा भटजीचा मुलगा भटजीच राहिला आणि शास्त्र्याहून तल्लख बुद्धीचा मुलगा मेलेली ढोरे ओढीत राहिला. १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात बाबासाहेबांनी हा वंशशुद्धीचा दावाही तपासून पाहिला. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे; मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परैया एकाच वंशाचे, असे त्यांनी दाखविले आणि जातींना निरनिराळे वंश मानणे म्हणजे सत्याचा विपर्यास होय असा निर्वाळा दिला. लाहोरच्या ज्या जातपात तोडक मंडळाने हे भाषण मागविले होते, त्याला ते पेलले नाही. बाबासाहेबांनी ते स्वतः छापून प्रसिद्ध केले.

आता तुम्हाला कुक्कुर जातकाची गोष्ट सांगतो. जातकातील पूर्वजन्माचा भाग अक्षरशः घेण्याचे आपल्याला कारण नाही. पण गोष्टीतला न्याय घेण्यासारखा आहे.

काशीचा राजा रथातून उद्यानात गेला आणि रात्री परतला. रथ चामड्याच्या साजासकट अंगणात राहिला. रात्री पाऊस पडून चामडे भिजले. राजवाड्यातली पाळीव, कुलीन कुत्री माडीवरून खाली उतरली आणि तो साज खाऊन बसली. सकाळी चाकरांनी राजाला सांगितले की, बाहेरची कुत्री मोरीतून शिरली आणि साज खाऊन गेली. राजाने हुकूम सोडला, दिसेल तेथे कुत्रा मारा. राजवाड्यातली कुत्री तेवढी वगळली. ती जातिवंत होती. नगरातली कुत्री जीव घेऊन स्मशानात पळाली. तेथे बोधिसत्त्व कुत्र्यांचा नायक होता. तो सरळ राजवाड्यात गेला, राजाच्या आसनाखाली शिरला आणि मग समोर येऊन विचारू लागला. साज कोणी खाल्ला हे तुला ठाऊक आहे काय? नाही. मग सगळ्याच कुत्र्यांना मारतोस काय? नाही, माझ्या वाड्यातली सोडून. तेव्हा बोधिसत्त्व म्हणाला, हा न्याय नव्हे, ही केवळ दुबळ्यांची कत्तल आहे. तू पक्षपात, द्वेष, मोह आणि भय या चार वाटांनी चालला आहेस. त्याने ताक आणि कुश गवत आणविले, गवत ताकात कालवून वाड्यातल्या कुत्र्यांना पाजविले. ती ओकली. चामड्याचे तुकडे बाहेर पडले.

ही गोष्ट फार लांबची वाटत असेल तर आपल्या तालुक्यात या. बंगल्यात एखादी वस्तू हरवली, तर पहिली झडती कोणाच्या झोपडीची होते? वाडीवरल्या कातकऱ्याच्या. मालकाच्या पाहुण्यांचे खिसे कोणी पाहत नाही. हा संशय कायद्यातही उतरला होता. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि कित्येक जमातींतील मूल जन्मताच गुन्हेगार ठरविले. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो रद्द झाला. कायदा गेला, पण वंशावळीची ती वही लोकांच्या डोक्यातून अजून गेलेली नाही.

पाण्याचेही तेच. तानसा, भातसा, वैतरणेचे मोडकसागर ही धरणे याच शहापूर तालुक्यातली. मुंबई त्यांचे पाणी पिते. आणि याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लावतात. त्या दिवसांत फार्महाऊसवरच्या कुत्र्याला बोअरच्या पाण्याने आंघोळ घालणाऱ्या वॉचमनच्या मनात काय येत असेल? कुत्र्याला आंघोळ घालू नये असे माझे म्हणणे नाही. बोधिसत्त्वाने वाड्यातल्या कुत्र्यांना मारा असे म्हटले नव्हते. खरा अपराधी समोर आल्यावर राजाने पंचशील घेतले आणि नगरातल्या सगळ्याच कुत्र्यांना अन्न लावून दिले, असे जातक सांगते.

इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्या असतील, कारण दोष बंगलेवाल्यांचा निघाला. आता थोडे आपल्या घरात पाहू.

नोकरी लागली, कल्याण-बदलापूरला ब्लॉक घेतला, की आपल्यातलेही काहीजण दहा-वीस हजार मोजून जातिवंत पिल्लू आणतात. भावाच्या मुलाची फी थकलेली असते, पण पिल्लाचे कागद व्यवस्थित फाईलला लावलेले असतात. पाहुणा आला की पाण्याच्या पेल्याआधी कुत्र्याचे कूळ सांगितले जाते. बिचारे पिल्लू काही चुकत नाही. दोन वर्षांनी त्याचे वजन वाढते, ब्लॉक लहान पडतो, आणि मग असली कुत्री महामार्गाच्या कडेला सोडून देणारेही आहेत. कागदांसकट विकत घेतलेला मान कागदांबरोबर संपतो. प्राणिमात्रांवर दया करीन, त्यांचे पालन करीन, ही बावीस प्रतिज्ञांतली एक प्रतिज्ञा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखोंकडून म्हणवून घेतली. तीत जातीची अट नाही.

आणि लग्नाचे काय? "आम्ही बौद्ध" असे पत्रिकेवर छापतो. बोलणी करताना मात्र हळूच चौकशी होते. विदर्भात लाडवण की बावणे, कोसरे की सोमवंशी. आपल्याकडे 'कुळी कोणती', 'आधीचे कोण' असे गोड शब्दांत विचारतात. मातंग किंवा चर्मकार घरातून धम्मात आलेल्या कुटुंबाची मुलगी सांगून आली की थोरले एकमेकांकडे पाहतात आणि 'बघू, कळवू' म्हणतात. ही चौकशी आणि केनेल क्लबची वही यांत काय फरक आहे, हे थोरल्यांनीच सांगावे. नवदीक्षित कुटुंबाला धम्मात आल्यावर पहिला दगड लागतो तो बहुधा येथेच, आणि मारणारा हात आपल्याच माणसाचा असतो. मोत्याविषयी ओशाळणारी माय आणि सुनेचे कूळ तपासणारा सासरा, दोघांच्या मनात एकच वही उघडी आहे. मायचा दोष कमी, कारण ती वाकते आहे. सासरा दुसऱ्याला वाकवितो आहे.

कुत्रा पाळू नये काय, असे कोणी विचारील. अवश्य पाळावा. बाबासाहेबांना कुत्र्याचा लळा होता. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेले कुटुंबाचे छायाचित्र पुष्कळांच्या घरी भिंतीवर आहे. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव, आणि त्यांच्याबरोबर टोबी. ज्याला तळ्यावर कुत्र्याइतकाही अधिकार नाकारला गेला, त्या माणसाने कुत्र्याचा द्वेष केला नाही, त्याला घरच्यांत बसविले. छायाचित्राखाली टोबीचे नाव छापतात. त्याची जात कोणी छापलेली मी पाहिली नाही, आणि आजवर ती कोणी विचारलेलीही ऐकली नाही.

तेव्हा पाळलेल्या कुत्र्याला पोटभर खाऊ घाला, सरकारी दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून आणा, कारण चावा घेतला तर भोगावयाचे आपल्याच पोरांना आहे. आणि पाहुण्यांच्या मुलाने पुन्हा विचारले तर ताठ मानेने सांगा, "मोत्या नाव त्याचे." त्याने जातच विचारली, तर "कुत्र्याची" म्हणा.

येत्या वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होईल. ते झाल्यावर लहान मुलांना थोडा वेळ थांबवून हे कुक्कुर जातक सांगावे. वाड्यातली कुत्री ताक पिऊन चामडे ओकतात तेथे मुले खदखदून हसतात. हसू द्यावे. मग त्यांनाच विचारावे की, साज कोणी खाल्ला हे राजाने आधी का नाही पाहिले.